मॉडेलचा सातबारा

इंडिया गेटकडे पाठ करून कर्तव्यपथावरून चालत निघालं की समोर टेकडीवर राष्ट्रपती भवन दिसत असतं. जवळ जावं तसं ते मोठं व्हायला हवं, पण होतं उलटंच. विजय चौक जवळ येऊ लागला की इमारतीचे खांब रस्त्याच्या चढाआड जातात. चौकात पोचल्यावर नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकच्या मधोमध उरतो तो घुमटाचा वरचा भाग. महाराष्ट्रातून सहलीला आलेली मंडळी फोटोसाठी दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे करत राहतात आणि तरी पूर्ण इमारत चौकटीत येत नाही.

यामागे शंभर वर्षांपूर्वीची एक चूक आहे. वास्तुविशारद एडविन ल्युटियन्सकडे व्हाइसरॉयच्या प्रासादाचं, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचं, काम होतं, हर्बर्ट बेकरकडे सचिवालयाच्या दोन इमारतींचं, म्हणजे नॉर्थ आणि साउथ ब्लॉकचं. १९१३ साली तिन्ही इमारती रायसीना टेकडीच्या माथ्यावर ठेवायचं ठरलं. त्यामुळे प्रासाद मागे सरकला आणि सचिवालयांच्या मधून वर जाणाऱ्या रस्त्याचा चढ निश्चित झाला. त्या चढाच्या टिपणावर ल्युटियन्सनं स्वतः सही केली. हाच चढ आपली इमारत झाकणार आहे, हे त्याच्या लक्षात आलं १९१६च्या सुमारास. त्यानं चढ बदलण्यासाठी आटापिटा केला, पण खर्चाचं कारण पुढे आलं आणि नकार मिळाला. ल्युटियन्स आणि बेकर या दोन मित्रांमध्ये कायमचं वितुष्ट आलं. १९३१च्या फेब्रुवारीत नवी दिल्लीचं उद्घाटन झालं तेव्हा तो चढ तसाच होता आणि आजही तो तसाच आहे.

ल्युटियन्स आणि बेकर दोघंही आपापल्या कामात निष्णात होते. पण प्रासाद, सचिवालयं, रस्ता आणि चौकात उभ्या माणसाची नजर या चारही गोष्टी एका छेदात काढून, दोघांनी एका टेबलावर बसून तपासायचं काम वेळेवर नीट झालं नाही. एका इमारतीवर अनेक जाणकार काम करतात तेव्हा त्यांची कामं एकमेकांत कशी बसवायची, हा दिल्लीचा प्रश्न इतका जुना आहे. आज दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यातल्या अभियांत्रिकी कार्यालयांत तोच प्रश्न रोज सकाळी संगणकाच्या पडद्यावर उघडतो.

गुरुग्राम आणि नोएडा ही आता इमारतींच्या आराखड्यांची मोठी केंद्रं आहेत. गुरुग्राममध्ये एईकॉम, नोएडात डब्ल्यूएसपी अशा आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपन्यांची मोठी कार्यालयं आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला पन्नास-शंभर माणसांची कितीतरी छोटी कार्यालयं. एकाच मजल्यावर वास्तुविशारद, स्ट्रक्चरवाले, एसीवाले, इलेक्ट्रिकलवाले, प्लंबिंग आणि फायरवाले बसतात. सांगली, अकोला, लातूरहून आलेली मुलंही त्यांत असतात. इथे ‘मॉडेल’ म्हणजे पुठ्ठ्याची प्रतिकृती नव्हे. संगणकात उभी केलेली ही अख्खी इमारत असते. तिच्यातल्या भिंतीला आपण भिंत आहोत हे ठाऊक असतं. तिची जाडी, तिचं साहित्य, ती कोणत्या मजल्यावर आहे, आग किती वेळ थोपवते, सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. नकाशा, छेद, दर्शनी बाजू आणि मालाची मोजणी ही सगळी त्या एकाच इमारतीतून निघतात. या पद्धतीला सगळे ‘बिम’ म्हणतात. बीमशी, म्हणजे तुळईशी, या शब्दाचा संबंध नाही, पण नव्या मुलांचा पहिल्या आठवड्यात गोंधळ होतोच.

कल्पना जुनी आहे. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात इमारतीचं संगणकीय वर्णन करणारी प्रणाली मांडली. हंगेरीच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीनं १९८०च्या दशकात आर्किकॅड बाजारात आणलं. भारतातल्या बहुतेक कार्यालयांत आज जे चालतं ते रेव्हिट एका छोट्या अमेरिकी कंपनीनं २००० साली काढलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कनं ती कंपनी १३ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. सुरुवातीला त्यात फक्त वास्तुविशारदाची सोय होती. स्ट्रक्चर आणि सेवा यांची साधनं मागाहून आली, तीही वेगळ्या आवृत्त्या म्हणून. म्हणजे साधनाच्या जन्मातच विद्याशाखांची वाटणी होती.

ही वाटणी सगळ्यांत जास्त कुठे जाणवते? फॉल्स सीलिंगच्या वर.

समजा एका कार्यालयीन इमारतीच्या मजल्याची उंची स्लॅब ते स्लॅब ३,९०० मिलिमीटर आहे. लादीसाठी ५० गेले. बीम ६५० खोल. मालकाला लादीपासून सीलिंगपर्यंत २,७०० मोकळे हवेत. मग बीमच्या खाली आणि सीलिंगच्या वर उरतात ५००. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे एसीचा डक्ट काही लहान नसतो. ३५० चा डक्ट आणि त्याच्यावर-खाली इन्सुलेशन धरलं की ४०० संपले. दिव्याचं खोकं १०० घेतं. हिशेब शून्यावर आला आणि अजून स्प्रिंकलरचा पाइप, केबल ट्रे, वरच्या मजल्याच्या शौचालयाचा निचऱ्याचा पाइप यांना जागा द्यायचीच आहे. निचऱ्याच्या पाइपाला तर उतार लागतो. ६० ला १ उतार धरला तर १२ मीटर जाईपर्यंत तो २०० मिलिमीटर खाली उतरलेला असतो.

जुन्या काळी या जागेचा निकाल साइटवर लागायचा. ज्याचा मिस्त्री आधी पोचला, त्याचा पाइप सरळ जायचा. मागून आलेल्यानं वळसा घालायचा किंवा बीम फोडायचा. यंत्रानं असं भोक पाडण्याला दिल्लीच्या साइटवर सगळे ‘कोअर कटिंग’ म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पोटात गोळा येतो. आयएस १८९३ या भूकंप-संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत दिल्ली चौथ्या क्षेत्रात आहे. कॉलमजवळचा बीमचा भाग भूकंपात वाकून ऊर्जा पचवण्यासाठी मुद्दाम दाट रिंगांनी बांधलेला असतो. तिथे कुणी प्लंबिंगसाठी भोक पाडलं तर त्या रिंगाच तुटतात. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं, कारण स्लॅबच्या पोटातून ताणलेल्या तारा गेलेल्या असतात आणि वरून त्या कुठे आहेत हे कळत नाही.

मॉडेलमध्ये हे भांडण वर्षभर आधी दिसतं. सगळ्या शाखांची मॉडेलं नेव्हिसवर्क्ससारख्या प्रणालीत एकत्र आणून ‘क्लॅश’ काढतात. डक्ट बीममधून जातोय, पाइप ट्रेमधून जातोय, पॅनेलचं दार उघडायला पुढे जागाच नाही, असं सगळं लाल होऊन समोर येतं. पहिल्यांदा क्लॅश काढला की आकडा हजारांत जातो आणि नवी माणसं घाबरतात. त्यातले बरेचसे एकाच चुकीचे पडसाद असतात. एक डक्ट चुकीच्या उंचीवर असेल आणि दहा बीम ओलांडत असेल, तर यादीत दहा ओळी येतात. जाणता समन्वयक यादी वाचण्याआधी तिचे गट पाडतो.

पण क्लॅश दाखवणं हे यंत्राचं काम झालं. सरकायचं कुणी, हे ठरवण्यासाठी मॉडेल नीट लावलेलं असावं लागतं. तिथूनच खरा प्रश्न सुरू होतो: सगळे एकाच कार्यालयात, एकाच सर्व्हरवर असताना फाइल एक ठेवायची की अनेक?

एकाच फायलीचा मोह मोठा असतो. रेव्हिटमध्ये एक सेंट्रल फाइल सर्व्हरवर राहते, प्रत्येक जण सकाळी तिची लोकल कॉपी घेतो, काम करतो आणि अधूनमधून ‘सिंक’ करून आपले बदल मूळ फायलीत ओततो. ज्यानं एखादी भिंत हातात घेतली, ती त्यानं सोडेपर्यंत दुसऱ्याला बदलता येत नाही. फाइल मोठी झाली की आत ‘वर्कसेट’, म्हणजे कामाचे विभाग, पाडतात. सगळं एकाच ठिकाणी असल्यानं कुणी काय हलवलं ते सिंक होताच दिसतं आणि मूळ फाइल एकच राहते. चार-सहा माणसांच्या कार्यालयाला, एखाद्या बंगल्याला किंवा छोट्या शाळेला हीच पद्धत चांगली. तिथे जास्तीच्या फायली म्हणजे नुसता व्याप.

मजले आणि माणसं वाढली की तीच फाइल जड होऊ लागते. जेवायला जाण्याआधी सगळे एकदम सिंक करतात आणि सर्व्हर रांग लावतो. एका फायलीत बिघाड झाला की साऱ्या शाखा एकदम हात चोळत बसतात. त्याहून वाईट म्हणजे एसीवाल्याला डक्ट बसत नाही म्हणून बीम थोडा वर सरकवण्याचा मोह होऊ शकतो, आणि एकाच फायलीत तो बीम हाताच्या अंतरावर असतो. हेतू वाईट नसतो. पण बीमचं गणित ज्यानं केलं त्याला ते महिनाभर कळत नाही.

म्हणून मोठ्या कामांत शाखानिहाय फायली करतात. वास्तुविशारदाची एक, स्ट्रक्चरची एक, सेवांची एक किंवा अनेक. प्रत्येक जण इतरांच्या फायली आपल्या फायलीत ‘लिंक’ करतो. लिंक दिसते, मोजता येते, तिच्यावर आपलं काम बेतता येतं, पण तिच्यातलं काही बदलता येत नाही. ज्यांनी अमोनिया प्रिंटचा वास घेतला आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. आर्किटेक्टच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर टाकून त्यावर पाइप काढायचे, तसंच हे. खालचा नकाशा दिसायचा आणि पेन चालायचं फक्त आपल्या कागदावर.

मध्यम आणि मोठ्या इमारतींसाठी या लेखाचा कौल शाखानिहाय फायलींना आहे, फक्त एक अपवाद धरून. एसी, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग आणि फायर ही मंडळी एकाच ओळीत बसत असतील तर त्यांची एकच फाइल असावी आणि आत प्रत्येकाचा वर्कसेट असावा. सीलिंगच्या वरची ती ५०० मिलिमीटर जागा त्यांनाच आपसांत वाटून घ्यायची असते. डक्ट सरकला की ट्रे लगेच सरकवता यायला हवा आणि लिंकमधून तो सरकवता येत नाही. लिंक जोडतानाही एक खुबी सांभाळावी लागते. आर्किटेक्टच्या फायलीत स्ट्रक्चर जोडलेलं, स्ट्रक्चरमध्ये आर्किटेक्ट जोडलेला आणि सेवांमध्ये दोन्ही, असं झालं की जोडणीचा प्रकार चुकल्यास एकाच इमारतीच्या दोन-दोन प्रती एकावर एक येऊन बसतात. पडद्यावर हे दिसतही नाही. कळतं ते मोजणीच्या वेळी, दारं दुप्पट निघाल्यावर.

फायली वेगळ्या झाल्या की मालकीचा प्रश्न येतो आणि इथे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं शिक्षण लागू नये. सातबारा आपल्या ओळखीचा आहे. गाव नमुना सात जमीन कुणाची ते सांगतो, गाव नमुना बारा त्यात कोण काय पिकवतं ते सांगतो. मॉडेललाही हेच दोन तक्ते लागतात. कॉलम कुणाचा? स्ट्रक्चरचा. त्याच्याभोवतीचं ग्रॅनाइट कुणाचं? आर्किटेक्टचं. दोघांनी आपापल्या फायलीत तोच कॉलम उभा केला तर काँक्रीटची मोजणी दुप्पट येते, आणि एकानं तो हलवला की इमारतीत दोन कॉलम शेजारी उभे राहतात. स्लॅब स्ट्रक्चरची, तिच्यावरची लादी आर्किटेक्टची. बेसिन बसतं कुठे ते आर्किटेक्ट ठरवतो, त्याला पाणी देतो प्लंबिंगवाला. मग बेसिन कुणाच्या फायलीत? सीलिंगमधला दिवा दिसायला आर्किटेक्टचा, वायरिंगला इलेक्ट्रिकलचा. या प्रत्येकाचं उत्तर कार्यालयागणिक वेगळं असू शकतं, पण ते पहिल्या दिवशी लिहिलेलं असलं पाहिजे. फेरफार नोंदल्याशिवाय सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदलत नाही, तसं मॉडेलमध्येही नोंदीशिवाय बदलू नये.

भारतीय इमारतींत यासाठी संक स्लॅबइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. शौचालयाखाली स्लॅब २००-३०० मिलिमीटर खाली घेतात, म्हणजे पाइप त्या खड्ड्यात बसतात आणि खालच्या मजल्याच्या डोक्यावर लोंबत नाहीत. खड्डा कुठे हवा हे आर्किटेक्टच्या नकाशावरून ठरतं, तो काढतो स्ट्रक्चरवाला, वापरतो प्लंबिंगवाला. आता आर्किटेक्टनं मालकाच्या सांगण्यावरून शौचालय दोन मीटर डावीकडे नेलं. त्याच्या फायलीत भिंती, दार, भांडी सगळं हललं. खड्डा मात्र दुसऱ्याच्या फायलीत आहे. तो जागेवरच राहिला. पुढच्या क्लॅशमध्ये हे सापडेलच असं नाही, कारण खड्डा म्हणजे रिकामी जागा आणि रिकाम्या जागेवर कुणी आदळत नाही. हे सापडतं ते फक्त दोन माणसं बोलली तर. ग्रिड, मजले, भिंती अशा काही गोष्टींसाठी रेव्हिटमध्ये ‘कॉपी-मॉनिटर’ची सोय आहे. दुसऱ्याच्या फायलीतली वस्तू आपल्याकडे नक्कल करून घेतली की मूळ हलताच इशारा मिळतो. पण इशारा वाचणारा कोण, हेही कागदावर असावं लागतं.

मोजणीचा दगड हा सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २१६ मीटर उंचीवर आहे. सर्वेक्षकाचा नकाशा त्या हिशेबानं येतो. आर्किटेक्टला मात्र तळमजल्याची लादी शून्य धरायची असते आणि स्ट्रक्चरवाल्याला लादीखालची कच्ची स्लॅब. शिवाय सर्वेक्षकाची उत्तर खरी उत्तर असते, तर आर्किटेक्ट इमारत कागदावर सरळ दिसावी म्हणून ती फिरवून घेतो. हे सगळे हिशेब एकमेकांशी जोडणारी एक छोटी फाइल सुरुवातीलाच करावी लागते. तिच्यात प्लॉटची हद्द, ग्रिड आणि मजल्यांच्या उंची असतात, आणि तिला हात लावायचा अधिकार एकाच माणसाला असतो. बाकीचे सगळे तिच्याकडून आपले निर्देशांक घेतात. हा दगड नीट रोवला नाही तर कुणाची तरी इमारत २१६ मीटर हवेत तरंगते. ती चूक निदान डोळ्यांना दिसते. लादी आणि कच्ची स्लॅब यांच्यातला ५० मिलिमीटरचा फरक दिसत नाही. तो थेट साइटवर, जिन्याच्या शेवटच्या पायरीत उघडा पडतो.

एकच साधन, पण दोन आवृत्त्या असतील तर काय होतं, हे विमानांच्या जगानं मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. एअरबसच्या ए३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. हॅम्बुर्गचे अभियंते कॅटिया या आरेखन-प्रणालीची चौथी आवृत्ती वापरत होते आणि तुलूझचे पाचवी. वायरींचे जुडगे जर्मनीहून फ्रान्सला पोचले तेव्हा ते नीट बसेनात. २००६ मध्ये एकामागून एक विलंब जाहीर झाले, अब्जावधी युरोंचा फटका बसला आणि वरिष्ठांना पदं सोडावी लागली. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी, ठरल्या वेळेपेक्षा सुमारे दीड-दोन वर्षं उशिरा. रेव्हिटचीही गत तीच आहे. नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत परत जात नाही. एका शाखेतल्या एका मुलानं आपल्या संगणकावर नवी आवृत्ती टाकून लिंक जतन केली की बाकीच्यांना ती फाइल उघडत नाही. म्हणून जाणती कार्यालयं प्रकल्पाच्या सुरुवातीला आवृत्ती ठरवतात आणि शेवटपर्यंत बदलत नाहीत. बदलायचीच वेळ आली तर सगळ्या शाखा एकाच दिवशी बदलतात.

एनसीआरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, या शिस्तीची कसोटी लागली ती दिल्ली–गाझियाबाद–मेरठ या ८२ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेमार्गात. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र परिवहन महामंडळानं या कामात बिम आणि सर्वांसाठी एकच सामायिक माहिती-भांडार ठेवलं. साहिबाबाद ते दुहाई डेपो हा १७ किलोमीटरचा पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि नमो भारत गाड्या धावू लागल्या. ५ जानेवारी २०२५ रोजी मार्ग दिल्लीतल्या न्यू अशोक नगरपर्यंत आला. गाझियाबादला हा मार्ग मेट्रोच्या उन्नत मार्गाच्याही वरून जातो. आनंद विहारला तो जमिनीखाली आहे, आणि त्याच्या आसपास मेट्रोच्या दोन मार्गिका, रेल्वे स्थानक आणि आंतरराज्य बस स्थानक. अशा ठिकाणी खांब एक हात सरकवायचा झाला तरी तो दुसऱ्या कुणाच्या तरी हद्दीत जातो.

महाराष्ट्रात याआधीचा दाखला नागपूरचा. महामेट्रोनं नागपूरच्या कामात ‘पंचमितीय’ बिमचा आग्रह धरला. त्रिमितीच्या मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च असे आणखी दोन पदर जोडले. वर्धा मार्गावर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो, सगळं एकाच खांबांच्या रांगेवर उभं आहे. या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलाची नोंद गिनीजनं घेतली. कामठी मार्गावर गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर आहेत. थरांचे मालक वेगवेगळे आणि खालून आगगाड्या चालू. देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या झिरो माईलच्या दगडाशेजारी मेट्रोचं स्थानक आहे, आणि मोजणीच्या दगडाचं महत्त्व नागपूरकरांना कुणी समजावून सांगायला नको.

पुलांच्या आणि मेट्रोच्या कामात मालक वेगळे असतात, म्हणून करार लिहिले जातात, बैठकांची इतिवृत्तं होतात. एका छताखालच्या कार्यालयात हे राहून जातं. सगळे रोज भेटतात, चहा बरोबर पितात, म्हणून काही लिहायची गरज वाटत नाही. ‘अरे, तो डक्ट जरा खाली घेतोय हां,’ असं जाता जाता सांगितलं जातं. ऐकणाऱ्याच्या कानात हेडफोन असतो. सहा महिन्यांनी दोघंही खरं बोलत असतात, एक म्हणतो सांगितलं होतं आणि दुसरा म्हणतो ऐकलं नव्हतं.

सरकारी बांधकामात विभागणी आणखी खोल आहे. १८५४ साली सुरू झालेल्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचं मुख्यालय दिल्लीत आहे. त्यात वास्तुकला, स्थापत्य, विद्युत-यांत्रिकी आणि उद्यान असे वेगवेगळे पंख आहेत आणि प्रत्येकाची अधिकाऱ्यांची उतरंड स्वतंत्र. स्थापत्य आणि विद्युत कामांच्या निविदा स्वतंत्र काढण्याची रीतही जुनी. अशा रचनेत मॉडेल एक झालं तरी फाइल, म्हणजे लाल फितीची फाइल, वेगळीच राहण्याचा धोका असतो. सामायिक मॉडेलचा सर्वांत जास्त उपयोग जिथे आहे तिथेच त्याला सर्वांत जास्त वळणं घ्यावी लागतात.

जगानं यावर एक साधा तोडगा काढला आहे आणि तो २०१८च्या आयएसओ १९६५० या मानकात आहे. प्रत्येक फायलीच्या चार अवस्था असतात. हातातलं काम, इतरांना वाटलेलं, प्रसिद्ध केलेलं आणि जतन केलेलं. हातातलं काम दुसऱ्यानं पाहून त्यावर आपलं बेतायचं नाही. वाटायचं ते तपासून, तारीख घालून आणि कशासाठी वाटतोय हे लिहून. एकाच सर्व्हरवर बसलेल्यांना ही पायरी फुकटची वाटते, कारण लिंक थेट दिसतच असते. पण मंगळवारी सकाळी आर्किटेक्ट तीन पर्याय चाचपून पाहत असतो, त्यातला एक क्षणभर जतन होतो आणि एसीवाला त्याच क्षणी लिंक ताजी करून दिवसभर त्यावर डक्ट ओढतो. संध्याकाळी तो पर्याय रद्द झालेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, सगळ्या शाखांनी आपली गोठवलेली प्रत सामायिक जागेत ठेवावी आणि क्लॅश त्याच प्रतींवर काढावा. मधल्या दिवसांत थेट लिंक पाहायला हरकत नाही, पण पक्कं काम तिच्यावर बेतू नये.

क्लॅशच्या बैठकीतही सरकण्याचा क्रम आधी ठरलेला असला की आवाज चढत नाहीत. उताराच्या पाइपाला वाट पहिली, कारण पाणी वर चढत नाही. मग मोठे डक्ट. मग केबल ट्रे. दाबाचे पाइप वळू शकतात म्हणून ते मागे. स्प्रिंकलरच्या बारीक शाखा सर्वांत शेवटी. बीमला हात लावायचा असेल तर स्ट्रक्चरवाल्याच्या लेखी होकाराशिवाय नाही. या बैठकीला मॉडेल प्रत्यक्ष बनवणारी मुलं असावीत. बऱ्याच ठिकाणी वरिष्ठ बसतात, निर्णय घेतात, टिपण खाली पाठवतात. पण ‘सर, तिथे बीमची खोली बदललीय’ हे ठाऊक असतं ते रोज त्या फायलीत राहणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीला. तिला खुर्ची द्यायला हवी.

हे सगळं खर्च आणि वेळ यांपुरतं नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली. आग तळाच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरपासून पसरली. माणसं गुदमरली ती वर बाल्कनीत, कारण धुरानं जिन्याची आणि हवेची वाट धरली होती आणि बाहेर पडायचे मार्ग अडवलेले होते. ते प्रकरण निष्काळजीपणाचं होतं आणि कोर्टात तसंच लढलं गेलं. पण इमारतीत विजेची खोली, हवेचा मार्ग, जिना आणि दार एकमेकांशी किती जोडलेले असतात, हे त्या संध्याकाळी दिल्लीनं पाहिलं. आगरोधक भिंत ओलांडणाऱ्या डक्टमध्ये फायर डँपर लागतो. भिंत आर्किटेक्टच्या फायलीत असते, डक्ट एसीवाल्याच्या, आगीचा इशारा देणारी तार इलेक्ट्रिकलच्या. तिन्ही फायली एकत्र उघडून तो एक डँपर आहे की नाही हे पाहणारा माणूस कार्यालयात नेमलेला असला पाहिजे, नावानिशी.

महाराष्ट्रातून दरवर्षी मुलं-मुली नोएडा-गुरुग्रामच्या या मजल्यांवर येतात. सॉफ्टवेअर त्यांना येतं, तीन महिन्यांच्या वर्गात ते शिकता येतं. येत नाही ते शेजारच्या शाखेशी बोलणं, कारण चार वर्षांत त्यांनी एकही इमारत दुसऱ्या शाखेबरोबर काढलेली नसते. पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नागपूरचं व्हीएनआयटी या संस्थांत स्थापत्य, यांत्रिकी आणि विद्युत हे विभाग एकाच आवारात आहेत, नागपूरला तर वास्तुकलाही आहे. या संस्थांच्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. शेवटच्या वर्षी एक सत्र तिन्ही विभागांच्या मुलांना मिळून एकच चार मजली इमारत द्या. फायली वेगळ्या, सर्व्हर एक आणि सीलिंगच्या वर ५०० मिलिमीटर. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून मॉडेल मागू नका. कोणती वस्तू कुणाची, याचा एक पानाचा तक्ता मागा, त्यावर तिन्ही विभागांच्या मुलांच्या सह्या घ्या आणि गुणांपैकी निम्मे गुण त्या पानाला द्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाप्रमाणेच सीओईपी सुरू झालं तेही १८५४ साली, सार्वजनिक बांधकामासाठी माणसं घडवायला.